जेवणापलीकडचा स्पेन

"या वेळी आपण अगदी निवांत स्पेनला जाणार," असं अँसेल्म रुकेरोलने जाहीर केलं, तेव्हा पेताँकच्या मैदानावरचे सगळे लोक आपापले लोखंडी गोळे हातात धरून गप्प उभे राहिले. दक्षिण फ्रान्समधल्या मोंतादेल गावात असं सहसा होत नाही. तिथे माणूस गोळा टाकता टाकता बोलतो, गोळा उचलता उचलता बोलतो आणि गोळा चुकला की जास्तच बोलतो.

"निवांत म्हणजे कसं?" शेवटी बातिस्तने विचारलं. बातिस्त हा गावचा निवृत्त खाटीक आणि अँसेल्मचा शाळेपासूनचा मित्र, म्हणजेच त्याला टोचून बोलायचा परवाना असलेला माणूस.

"निवांत म्हणजे निवांत. वेळापत्रक नाही, आराखडा नाही. छोट्या रस्त्यांनी रमतगमत जायचं, मन म्हणेल तिथे थांबायचं."

"तुझं मन बारा वाजता काय म्हणतं ते आम्हाला ठाऊक आहे, मास्तर."

यावर मैदान हसलं. अँसेल्मला हे हसणं फार लागलं, कारण ते खरं होतं. त्याने सारा जन्म मुलांना भूगोल शिकवला होता. स्पेनच्या नद्या तो झोपेतही उगमापासून मुखापर्यंत म्हणून दाखवी. पण स्पेन काही त्याने पाहिला नव्हता. मोंतादेलपासून स्पेनची हद्द जेमतेम दीडशे किलोमीटर. मधे डोंगर आहे म्हणावं तर त्यावरून रस्ता जातो, आणि सैन्य आहे म्हणावं तर ते केव्हाच उठून गेलं. अँसेल्मच्या आणि स्पेनच्या मधे आडवं येत होतं ते दुपारचं जेवण.

मोंतादेलमध्ये चर्चच्या घंटेने बाराचे ठोके दिले की जेवायला बसतात. पहिल्या ठोक्याला खुर्च्या सरकतात आणि शेवटच्या ठोक्याला काट्याचमच्यांचे आवाज येतात. त्या वेळी रस्त्यावर दिसतो तो एक तर परका असतो किंवा कुत्रा, आणि कुत्राही गावचा असेल तर दिसत नाही. अँसेल्म या बाबतीत गावापेक्षा कट्टर होता. लग्न झालं तेव्हा तो युगेतला घेऊन स्पेनला निघाला आणि नारबॉनला बारा वाजले. जेवण झालं, चीज झालं, कॉफी झाली, डुलकी झाली. उठले तर ऊन उतरलेलं. परत आले. पुढे मुलांना घेऊन निघाले तेव्हा सिजाँला बारा वाजले. मुलं मोठी झाल्यावर निघाले तेव्हा कोलिऊरला वाजले आणि तिथल्या खारवलेल्या मासळीपुढे अँसेल्मने हत्यार टाकलं. स्पेन जवळ येत होता यात शंका नाही. बातिस्तने हिशोब मांडला होता की या गतीने मास्तर शंभरीच्या आसपास हद्द ओलांडेल, बहुधा शवपेटीतून.

पण या वर्षी लग्नाला चाळीस वर्षं होत होती, आणि युगेतने रविवारी सूप पिताना शांतपणे सांगून टाकलं होतं, "अँसेल्म, मला स्पेनच्या समुद्रात पाय बुडवायचे आहेत. या वेळी वाटेत जेवायला थांबलास तर मी गाडीतून उतरून चालत पुढे जाईन. आणि परत यायची घाई करणार नाही." युगेत रागावली की अँसेल्मला भीती वाटत नसे. ती शांतपणे बोलली की वाटे.

निवांत प्रवासाची तयारी सुरू झाली ती गाडीपासून. क्रीम रंगाची त्यांची छोटी गाडी मुलीच्या लग्नात नवी होती; त्या मुलीची मुलंच आता शाळा संपवायच्या बेतात होती. गाडीची सरकारी तपासणी करून घेणं भाग होतं. तपासणीवाल्याने गाडीखाली जाऊन, वर येऊन, कपाळाला आठ्या घालून सांगितलं की ब्रेक ठीक, दिवे ठीक, पण हॉर्न वाजत नाही.

"आमच्या गावात हॉर्नची गरज पडत नाही," अँसेल्म म्हणाला. "लोक एकमेकांना नावाने हाक मारतात."

"स्पेनमध्ये तुम्ही कोणाला नावाने ओळखता?" तपासणीवाल्याने विचारलं. भूगोलाच्या माणसाला हा सवाल वर्मी लागला. नवा हॉर्न बसला. त्या मापाचा मिळेना म्हणून एका जुन्या मालट्रकचा बसवला. तो वाजला की शेजारच्या सोलांजबाईंच्या कोंबड्या दिवसभर अंडी द्यायला नकार देत.

मग घोडं अडलं ओळखपत्रापाशी. अँसेल्मच्या ओळखपत्राची मुदत संपली होती, पण सरकारने फर्मान काढून ती परस्पर वाढवली होती. फक्त कार्डावर तसं लिहिलं नव्हतं. गावच्या कचेरीतल्या बाईंनी परिस्थिती मोठ्या सहानुभूतीने समजावून सांगितली.

"मोस्य रुकेरोल, फ्रान्समध्ये तुम्ही अजून तुम्हीच आहात. स्पेनमध्ये मात्र मी हमी देऊ शकत नाही."

"मग नवं कार्ड द्या."

"आमच्याकडे बोटांचे ठसे घेणारं यंत्र नाही. ते असलेल्या कचेरीत वेळ घ्यावी लागते." बाईंनी संगणकात बराच वेळ डोकावून पाहिलं. जवळपासच्या सगळ्या गावांत हिवाळ्यापर्यंत जागा नव्हती. एकच रिकामी वेळ मिळत होती, ती उत्तरेला डोंगरातल्या एका गावात. अँसेल्मने घरी येऊन नकाशा पसरला आणि बोटाने मोजलं. स्पेनला जायचं कार्ड काढायचं ते गाव स्पेनपेक्षा लांब होतं.

"म्हणजे स्पेनला जायला आधी उलटं जायचं," युगेत म्हणाली. तिने आणखी काही म्हटलं नाही, ही तिची मोठी मेहेरबानी.

त्याआधी फोटो. फोटो काढणाऱ्या यंत्राच्या खोक्यात हसायला बंदी, दात दाखवायला बंदी, भुवया उडवायला बंदी. अँसेल्मचा चेहरा असा की तो काही करत नसला तरी मुलांना वाटे सर आता ओरडणार. यंत्राने तीनदा त्याचा चेहरा नाकारला. चौथा फोटो स्वीकारला तो बघून युगेत म्हणाली, "हा माणूस पकडला गेला ते बरंच झालं."

डोंगरातल्या त्या कचेरीत ते वेळेवर पोहोचले. ठशांच्या यंत्राला अँसेल्मची बोटं पटेनात. सदतीस वर्षं खडू धरून ठसे झिजले असावेत, असं त्याने सुचवलं. कारकुनाने बोटं पुसली, दाबली, फुंकली. तर्जनी उमटते न उमटते तोच बाहेर घंटा वाजू लागली. कारकून उठला आणि कोट घालू लागला. अँसेल्मचा संताप व्हायला हवा होता. पण त्याने स्वतःकडे पाहिलं तर तोही उठून उभा होता. तत्त्वाचा प्रश्न होता. दोघांनी एकमेकांना 'रुचकर जेवा' म्हणून निरोप घेतला. उरलेली बोटं दुपारनंतर उमटली, आणि ती जेवून आल्यामुळे चांगली उमटली असं अँसेल्मचं मत पडलं. युगेत परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर बघत होती.

काही आठवड्यांनी कार्ड हातात आलं तोवर निवांत प्रवास साऱ्या मोंतादेलचा झाला होता. बातिस्तने बजावलं की मोठ्या रस्त्याने गेलात तर मैत्री तुटली, आणि ल्युकातला माझा चुलतभाऊ मार्सियाल याच्याकडे डोकावल्याशिवाय गेलात तर तो मला तोंड दाखवू देणार नाही. सोलांजबाईंनी याहून सोपं काम सांगितलं. त्यांची बहीण सिदोनी पोर-वांद्रला राहते. तिच्यासाठी फक्त एक छोटीशी वस्तू पोहोचवायची.

निघायच्या सकाळी ती छोटीशी वस्तू दोन माणसांनी उचलून आणली. मातीचं भलंमोठं पातेलं, आत बदकाचं मांस, सॉसेज आणि रात्रभर शिजलेले पांढरे घेवडे. वरून फडकं बांधलेलं. अँसेल्मने ते मागच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला.

"उलटं होऊ देऊ नका," सोलांजबाई म्हणाल्या. "आणि नाक लावून बघू नका, मला कळतं."

मग निरोप. त्या भागात गालाला गाल लावायचा तो तीनदा, आणि निरोपाला आलेली माणसं पंचवीस. नाही म्हणता येत नाही. अर्धा तास त्यातच गेला. युगेत मात्र केव्हाच गाडीत बसली होती. तिच्या पायात गोट्यांच्या किनाऱ्यावर घालायच्या प्लास्टिकच्या चपला होत्या, निळ्या. दर वेळी स्पेनला निघताना ती नव्या घेई, आणि दर वेळी त्या कोऱ्याच घरी येत. या खेपेला तिने त्या घरातूनच पायात घातल्या होत्या.

ल्युकातला मार्सियालने दारातच दोघांना मिठी मारली. "बातिस्तचे मित्र! आत या, एक थेंब घ्या."

"आम्हाला बाराच्या आत हद्द ओलांडायची आहे," अँसेल्म म्हणाला.

"एका थेंबाने हद्द हलत नाही."

थेंब मस्कात या गोड वाइनचा होता, सोबत कालवं होती, आणि मार्सियालचा थेंब पाण्याच्या ग्लासात मावत होता. दुसऱ्या थेंबापाशी युगेतने नवऱ्याच्या खिशातून किल्ली काढून घेतली. चाळीस वर्षं ती त्याच्या शेजारी बसून नुसती तोंडाने गाडी चालवत आली होती. आज चाक हातात आल्यावर असं दिसून आलं की ती हाताने जास्त चांगली चालवते. अँसेल्मने डोळे मिटून घेतले आणि द्राक्षमळ्यांमधली वळणं पोटातून मोजली.

पोर-वांद्रला सिदोनीबाईंचं घर बंदराच्या वर, शेवटच्या जिन्यावर होतं. पातेलं घेऊन वर जाताना अँसेल्म अर्ध्यात दोनदा बसला. बाईंनी दार उघडलं, पातेलं पाहिलं आणि ते तापलेल्या भट्टीत सरकवलं. मग अँसेल्मला टेबल दिसलं. तीन ताटल्या, तीन ग्लास, घड्या घातलेले रुमाल.

"सोलांजने फोन केला होता," सिदोनीबाई म्हणाल्या. "बसा. बाराला बरोबर तयार होईल."

हा कट होता. मोंतादेलमधल्या प्रेमळ माणसांनी प्रेमानेच रचलेला. भट्टीतून वास यायला लागला होता. आधी घेवड्याचा, मग लसणाचा, मग वरचा पापुद्रा खरपूस सोनेरी होतो तेव्हाचा. अँसेल्मच्या पोटात कावळे ओरडू लागले. त्याला कळलं नाही केव्हा, पण तो खुर्चीत बसला होता आणि रुमाल गळ्याशी खोचला होता. सिदोनीबाईंनी त्याच्या पुढ्यात पावाचा तुकडा ठेवला.

 युगेत गच्चीत गेली आणि दक्षिणेकडच्या डोंगरांकडे बघत पाठमोरी उभी राहिली. त्या डोंगरांच्या पलीकडे स्पेन होता. अँसेल्मला तिची पाठ दिसत होती आणि निळ्या चपला दिसत होत्या. तिने टाचा जरा उंचावल्या, जणू तेवढ्याने पलीकडचं दिसेल. अँसेल्मला एकदम आठवलं. हिने नारबॉनला अशीच पाठ केली होती, सिजाँला केली होती, कोलिऊरला केली होती, आणि आपण दर वेळी ताटात बघत होतो.

त्याने रुमाल काढला. घडी घातली. जिवावर आलं, पण घातली.

"मादाम," तो उभा राहत म्हणाला, आणि त्याचा आवाज वर्गात प्रश्नपत्रिका वाटतानासारखा झाला, "आम्ही जेवणार नाही."

सिदोनीबाईंच्या हातातला डाव खाली आला. "बरं वाटत नाही का तुम्हाला?"

"उत्तम वाटतंय."

"मग सोलांजला मी काय सांगू?"

"सांगा, मास्तर स्पेनला गेला."

तो जिन्यावरून खाली पळाला. खरंच पळाला. युगेत मागून आली, चाकाशी बसली. मग तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि गाडी सोडली.

बान्युल्स गेलं, सेर्बेर गेलं. रस्ता समुद्रावर टांगल्यासारखा वर वर चढत होता. गाडी धापा टाकत होती, डावीकडे पाणी चकाकत होतं, आणि वायव्येचा वारा असा सुटला होता की युगेत चाक डावीकडे ओढलं जाऊ नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसली होती. घाटमाथ्यावर हद्द होती. अँसेल्मने कोट नीट केला, केस बसवले आणि नवं कार्ड काढून हातात धरलं. खाली उतरून तो रुबाबात जुन्या नाक्याच्या चौकीकडे चालू लागला.

चौकी ओस होती. खिडक्या फुटलेल्या, भिंतीवर कोणीतरी बदाम काढलेले. इथे कित्येक वर्षांत कोणी कोणाला काही विचारलं नव्हतं. ज्या कार्डासाठी आपण उलटे डोंगरात गेलो, चेहरा नाकारून घेतला, बोटं फुंकून घेतली, ते बघायला माणूसच नाही, हे अँसेल्मला सहन होईना. तेवढ्यात घामाघूम होऊन एक सायकलवाला वर आला. अँसेल्मने त्याला थांबवून कार्ड दाखवलं.

सायकलवाल्याने कार्डावरचा गुन्हेगार बघितला, समोरचा मास्तर बघितला आणि जर्मन भाषेत काहीतरी म्हणून मान डोलावली. अँसेल्मचं समाधान झालं. त्याने कार्ड खिशात ठेवायला हात खाली घेतला, आणि वाऱ्याने ते बोटांतून उचललं.

कार्ड रस्त्यावर आपटलं, घसरलं, पुन्हा उडालं, आणि हद्दीची पाटी ओलांडून स्पेनमध्ये गेलं. अँसेल्म मागोमाग धावला. त्याच वेळी खालून सेर्बेरच्या चर्चची घंटा वाऱ्यावर वर आली. एक, दोन, तीन. जन्मभर ज्या ठोक्यांना अँसेल्म रुकेरोल खुर्चीत बसत आला होता, त्याच ठोक्यांना तो आज कोटाचे पंख करून स्पेनमध्ये धावत होता, एका हाताने पँट सावरत. मागून युगेत गाडी हळूहळू आणत होती आणि मालट्रकचा हॉर्न वाजवत होती, न थांबता, आनंदाने. रानात चरणाऱ्या बकऱ्या पळाल्या. कार्ड एका दगडाला अडकलं. अँसेल्मने त्यावर पाय दिला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण कुठे उभे आहोत.

"युगेत," तो म्हणाला, "आलो की आपण."

"मग रडतोस कशाला?"

"वारा आहे," अँसेल्म म्हणाला.

पोर्तबूला पोहोचले तेव्हा अँसेल्मचं पोट त्याच्याशी बोलेनासं झालं होतं. समुद्रासमोर एक खाणावळ होती. खुर्च्या मांडलेल्या, टेबलं रिकामी. आत रेमेई नावाची मालकीण भाजी निवडत बसली होती. हद्दीवरची असल्याने ती त्यांची भाषा सहज बोलत होती.

"जेवायला मिळेल ना?"

रेमेईबाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग काळजीने अँसेल्मकडे. "आत्ता? कोणी आजारी आहे का?"

"नाही हो, जेवायची वेळ झाली."

"कोणाची? चूल अजून पेटायची आहे. दोननंतर या. तोवर समुद्र आहे."

अँसेल्मने आ वासला. घड्याळ तेच, ऊन तेच, चार डोंगरवळणांपलीकडे सारा फ्रान्स या क्षणी सूप संपवून मांसाकडे वळला होता, आणि इथे चूलच पेटलेली नाही. भूगोलाच्या कुठल्याही पुस्तकात हे छापलेलं नव्हतं. इतकी वर्षं ज्या जेवणाने स्पेन खाऊन टाकला, त्या जेवणाला स्पेन ओळखतच नव्हता. करण्यासारखं काही उरलंच नाही, म्हणून त्याने बूट काढले, मोजे काढले, आणि युगेतचा हात धरून तो पाण्यात गेला.

पाणी थंड होतं. गोटे टोचत होते आणि त्याच्याकडे चपला नव्हत्या, त्यामुळे तो एका पायावर उभा राही, मग दुसऱ्या, आणि युगेत हसून हसून वाकत होती. निळ्या चपला चाळीस वर्षांनी भिजल्या. ते दोघं इतका वेळ एकमेकांशी नुसते बोलत उभे राहिले की बोलण्यात आधी मुलं संपली, मग शेजारी संपले, आणि मग लग्नाच्या आधी बोलायचे तसलं काहीबाही सुरू झालं. दुपारचे मधले दोन तास असे मोकळे असतात हे अँसेल्मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. पुढे रेमेईबाईने हाक मारली तेव्हा तो म्हणाला, "थांबा हो जरा." जेवण येऊन थांबलं आहे आणि अँसेल्म रुकेरोल येत नाही, असं त्या दिवशी प्रथमच घडलं. मग त्याने भाताची अख्खी कढई एकट्याने संपवली, ती गोष्ट वेगळी.

ते परत आले तेव्हा बातमी आधीच पोहोचली होती. सिदोनीबाईंनी त्या दिवशी भर बाराला सोलांजबाईंना फोन केला होता. बाराला फोन वाजतो तो कोणी गेलं तरच, म्हणून सोलांजबाई छातीवर हात ठेवून धावल्या. शेजाऱ्यांच्या खुर्च्या सरकल्या, बातिस्त गळ्यात रुमाल घेऊन रस्त्यात आला, आणि मोंतादेलचं जेवण त्या दुपारी निम्म्या गावात थंड झालं. सोलांजबाईंनी त्याबद्दल अँसेल्मला आठवडाभर तोंड फुगवून दाखवलं.

पुढच्या रविवारी मैदानावर बातिस्तने त्याला गाठलं. "खरं सांग मास्तर. बाराला स्पेनमध्ये काय खाल्लंस?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"पाण्यात उभा होतो."

बातिस्त बाकावर बसला. तो आपल्या मित्राकडे आदराने बघत राहिला. इतक्यात घंटेचा पहिला ठोका पडला. सगळे दोरीला बांधलेल्या चुंबकाने आपापले गोळे उचलू लागले, पिशव्या बंद झाल्या. अँसेल्म गोळा हातात घेऊन रेषेवर उभाच होता.

"अरे, घंटा झाली," बातिस्त म्हणाला.

"ऐकू आली. माझा एक बाकी आहे."

समोरच्या खिडकीतून युगेत वाकली. "अँसेल्म, वाढलंय."

"आलो. थांब जरा."

सगळं गाव त्या खिडकीकडे बघू लागलं. युगेतने खिडकी लावली नाही. ती कोपर टेकवून तिथेच उभी राहिली, आणि सूप थंड होत असताना आपल्या नवऱ्याचा नेम बघू लागली.